काढलेला प्रोग्राम खरोखर जातो का?

संगणकावरील नकोसा प्रोग्राम 'अनइन्स्टॉल' केला की तो समूळ गेला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. विंडोजमध्ये प्रोग्राम काढण्याचे काम बहुधा त्याच्याच निर्मात्याने दिलेला अनइन्स्टॉलर करतो; घर रिकामे केल्याचे भाडेकरूनेच सांगायचे आणि मालकाने ते मानायचे, असा हा प्रकार. साहजिकच 'अ‍ॅपडेटा'सारख्या फोल्डरांत फाइली, रजिस्ट्रीत नोंदी आणि क्वचित संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सेवाही मागे उरतात. चार जुन्या नोंदींनी संगणक मंदावतो, हा जाहिरातींचा दावा फारसा खरा नाही. डोकेदुखी ठरतात त्या या सेवा.

रेव्हो अनइन्स्टॉलरसारखी साधने आधी मूळ अनइन्स्टॉलर चालवतात आणि मग उरलेसुरले अवशेष शोधतात. हा शोध शेवटी अंदाजावर चालतो. एकाच कंपनीची दोन सॉफ्टवेअर असतील, तर यादीत दुसऱ्याच्या फाइलीही येऊ शकतात. म्हणून आधी 'रिस्टोअर पॉइंट' तयार करावा आणि यादी नीट वाचूनच खुणा कराव्यात.

अशा साधनाला संपूर्ण संगणकाचे अधिकार द्यावे लागतात, हा खरा धोका. २००५ साली सोनी बीएमजीच्या संगीत सीडींतून एक छुपे सॉफ्टवेअर संगणकांत शिरले. ते काढण्यासाठी पुरवलेल्या साधनानेच सुरक्षेला नवे भगदाड पडते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सफाई-साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड मिसळला गेला होता. कार्यालयाच्या लॅपटॉपवर तर हा उद्योग स्वतः न करता आयटी विभागाकडेच सोपवावा.