अंगणातील वृक्ष आणि वादळ

दि. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत शेकडो वृक्ष उन्मळले.

मालाडच्या जुन्या घरांत अंगणाला लाद्या बसवताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, पकड सैल होते व भिजलेल्या मातीत झाड तग धरत नाही. मात्र भीतीपोटी सबंध झाड तोडणे हा उपाय नव्हे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये खासगी अंगणातही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक आहे. आळे मोकळे ठेवावे, पावसाळ्यापूर्वी रीतसर छाटणी करावी.

एका वर्षाच्या तोट्याने पेढी कोणी बंद करीत नाही. एका मोडलेल्या फांदीसाठी वृक्षाचे खाते कायमचे मिटवू नये.