पिलाटीज शिकायचंय? आधी हे ठरवा!

रील्स बघून पिलाटीज इन्स्ट्रक्टर व्हावंसं वाटतंय? मस्त! पण परभणीतून पुण्या-मुंबईच्या कोर्सची फी भरण्याआधी एक ठरवा : शिकवायचं कुणाला? फिट लोकांना, की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना? पेशंटसोबत काम करायचं असेल, तर नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही. आधी 'नीट' देऊन फिजिओथेरपीची पदवी (बीपीटीएच) घ्या, मग पिलाटीज. कारण स्लिप डिस्क असलेल्याला चुकीचं वाकवलं, तर दुखणं वाढू शकतं.

कोर्सवाल्यांना तीन प्रश्न विचाराच. शरीररचना किती शिकवता? स्प्रिंगच्या रिफॉर्मरवर सराव किती? देखरेखीखाली खरे पेशंट हाताळायला मिळतात का? मॅट आणि सगळ्या उपकरणांचं पूर्ण प्रशिक्षण साधारण ४५० तासांचं असतं. ते दोन वीकेंडमध्ये कसं उरकेल?