एका बैठकीची भीती

एडगर ॲलन पोने 1842 मध्ये हॉथॉर्नच्या ‘ट्वाइस-टोल्ड टेल्स’ या कथासंग्रहाचं परीक्षण लिहिलं. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा मनावर एकच ठसा उमटावा, हा त्याचा आग्रह. 1960च्या दशकात तीन-तीन भयकथा एकत्र गुंफणारे जे चित्रपट आले, ते पाहताना हा आग्रह किती खरा होता ते कळतं.

रॉजर कॉर्मनच्या ‘द पिट अँड द पेंड्युलम’मध्ये (1961) पोची कथा येते ती अगदी अखेरीस, आधीचा सगळा डोलारा पटकथाकार रिचर्ड मॅथेसनचा. पुढच्याच वर्षी या दोघांनी ‘टेल्स ऑफ टेरर’मध्ये तीन गोष्टी घेतल्या आणि पाणी घालायची गरजच उरली नाही. मधल्या गोष्टीत पीटर लोरेचा दारुडा आणि व्हिन्सेंट प्राइसचा नखरेल मद्यपारखी यांची पैज लागते. लोरे ढोसतो, प्राइस एकेक घोट जिभेवर घोळवतो. आपण मनमुराद हसत असतो आणि हसता हसताच तळघरात, माणूस चिणण्यासाठी रचल्या जाणाऱ्या भिंतीपाशी पोचतो.

1963 मध्ये हॉथॉर्नचीही पाळी आली. ‘ट्वाइस-टोल्ड टेल्स’ नावाच्या चित्रपटात त्या संग्रहातली कथा एकच, आणि शेवटी चक्क एक अख्खी कादंबरी कोंबलेली. ती गुदमरणारच.

त्याच वर्षी इटलीत मारियो बावाने ‘ब्लॅक सॅबाथ’ केला. त्यातली ए. के. टॉलस्टॉयच्या कथेवरची गोष्ट मला या साऱ्या काळातली सर्वांत भेदक वाटते. बोरिस कार्लॉफचा म्हातारा पिशाच होऊन घरी परततो आणि स्वतःच्याच नातवाला घेऊन जातो. मग रात्री ते मेलेलं पोर दाराबाहेरून आईला हाक मारतं. बाहेर काय उभं आहे हे तिला ठाऊक असतं. तरी ती आडव्या आलेल्या नवऱ्याला भोसकून दार उघडते. भय आणि माया इतकी एकजीव झालेली क्वचितच दिसतात.

1968च्या ‘स्पिरिट्स ऑफ द डेड’मध्ये रॉजे वादिमचा भाग नुसता पोशाखी, लुई माल कथेशी इमान राखतो. फेलिनी मात्र पोकडून जेमतेम सैतानाशी लावलेली पैज आणि तुटलेलं मुंडकं उचलतो आणि सुमारे चाळीस मिनिटांत टेरेन्स स्टँपच्या दारुड्या नटाला थेट विनाशापर्यंत पळवत नेतो.

पुढे 1990 मध्ये ‘टू इव्हिल आइज’मध्ये रोमेरो आणि अर्जेंटो यांनी पोच्या कथांना तास-तासभर दिला. रोमेरोचा भाग त्या लांबीतच सैल पडला.