स्वच्छता स्वस्त, पण सांभाळून!

आपल्या शहरात बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत नळांवर, बादल्यांवर पांढरे क्षार चढतात. त्यासाठी महागड्या बाटल्या कशाला, असे मी गृहिणींना नेहमी सांगतो. लिंबाची फोड चोळून अर्ध्या तासाने घासावे. आम्लाने क्षार विरघळतात. तेलकट ओटा ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन पुसावा. दोन्ही एकत्र करू नयेत. एकमेकांचा गुण मारतात. शहाबादी फरशी चुनखडीची, तिला लिंबू लावू नये.

याने जंतू मरतीलच असे नाही. संडासाला ब्लीचिंग पावडर हवी. मात्र तिच्यात लिंबू, व्हिनेगर वा अ‍ॅसिड कदापि मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटून श्वास कोंडतो. तसे झाल्यास लगेच मोकळ्या हवेत जावे व डॉक्टरांना गाठावे.