माल एका राज्यातला, ग्राहक दुसऱ्या राज्यातला : कर कोणाचा?

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या शाळेने हुबळीच्या कारखान्यातून लोखंडी कपाटे मागविली, तर त्या खरेदीवरील कराचे उत्पन्न कर्नाटकाला मिळावे की महाराष्ट्राला? कारखाना कर्नाटकातला, पैसा मात्र महाराष्ट्रातील शाळेचा. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर सापडण्यास आपल्या देशाला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. हे उत्तर व्यापाऱ्यांप्रमाणेच शाळा, ग्रामपंचायती आणि शासकीय कार्यालये यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळदा ते खरेदीच्या बिलावरील एका ओळीवर अवलंबून असते.

पूर्वपीठिका

आपल्याकडे विक्रीवरील कराचा आरंभ १९३८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडात मोटारीच्या इंधनावरील कराने झाला. १९३९ मध्ये मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर बसविला आणि १९४६ मध्ये मुंबई प्रांताने तोच मार्ग स्वीकारला. प्रत्येक प्रांताचा कायदा निराळा असल्यामुळे सीमा ओलांडणाऱ्या मालावर दोन्हीकडून कर मागितला जाऊ लागला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड मोटर्स प्रकरणात माल ज्या राज्यात वापरासाठी पोहोचतो त्या राज्याचा हक्क मान्य केला. पुढे १९५५ मध्ये बेंगॉल इम्युनिटी प्रकरणात त्याच न्यायालयाने हा निर्णय फिरविला.

हा पेच सोडविण्यासाठी १९५६ मध्ये राज्यघटनेत सहावी दुरुस्ती करण्यात आली व केंद्रीय विक्रीकर कायदा संमत झाला. कायदा केंद्राचा, पण कर वसूल करून ठेवून घेणार ते राज्य, जेथून माल निघाला. प्रारंभी या कराचा दर शेकडा १ होता. १९७५ मध्ये तो ४ झाला आणि २००८ पर्यंत २ वर आला. सवलतीच्या दरासाठी व्यापाऱ्याला ग्राहकाकडून ‘सी’ नमुना मिळवावा लागे. या व्यवस्थेचा मोठा दोष असा की, परराज्यात भरलेल्या या कराची वजावट ग्राहकाच्या राज्यात मिळत नसे. करावर कर चढत जाई आणि त्याचा भार अखेर ग्राहकावर पडे. शिवाय माल आत येताना कोठे प्रवेशकर, कोठे जकात द्यावी लागे, ती वेगळीच.

कर ग्राहकाच्या मागे

१०१ व्या घटनादुरुस्तीनंतर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हे तत्त्व मुळातून बदलले. कर आता माल जेथून निघतो तेथे राहत नाही. तो माल जेथे उपभोगला जातो त्या राज्याकडे जातो. पेट्रोल, डिझेल, मद्य अशा काही वस्तू या करकक्षेबाहेर असून त्यांना मात्र जुनेच कायदे लागू आहेत.

वरील उदाहरणच घेऊ. कपाटांची किंमत १,००,००० रुपये व कराचा दर शेकडा १८ आहे. कपाटे सांगलीहून घेतली, तर बिलात केंद्राचा ९,००० व महाराष्ट्राचा ९,००० रुपये असा कर दिसेल. हुबळीहून घेतली, तर १८,००० रुपयांचा एकच एकात्मिक कर दिसेल. तो केंद्र सरकार गोळा करते व त्यातील राज्याचा हिस्सा महाराष्ट्राला मिळतो. शाळेला दोन्हीकडे सारखीच रक्कम द्यावी लागते.

व्यापाऱ्यांची जबाबदारी

ज्या ज्या राज्यात व्यवसायाची जागा आहे व जेथून करपात्र पुरवठा होतो, तेथे स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते. पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्य दर्शवितात : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गुजरात २४, गोवा ३०. आपल्याच परराज्यातील शाखेला माल पाठविला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो पुरवठाच होय. परराज्यात वस्तू विकणाऱ्यास, काही अपवाद वगळता, उलाढाल लहान असली तरी नोंदणी सक्तीची आहे. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिलही लागते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो कराचा प्रकार निवडण्यात. एकात्मिक कराऐवजी केंद्र व राज्य कर भरला, तर योग्य कर पुन्हा भरावा लागतो आणि चुकीने भरलेल्या रकमेचा परतावा स्वतंत्रपणे मागावा लागतो. अशा वेळी व्याज आकारले जात नाही. तथापि तोवर लहान व्यापाऱ्याचे भांडवल अडकून पडते.

आपण काय करावे?

१ ऑक्टोबर २०२३ पासूनची एक तरतूद सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला वस्तू विकली असता बिलावर नोंदविलेला त्याचा पत्ता, हेच पुरवठ्याचे ठिकाण मानले जाते. नुसते राज्याचे नाव लिहिले, तरी पत्ता लिहिला असे समजतात. पत्ताच नसेल, तर विक्रेत्याचे ठिकाण धरले जाते. धर्माबादच्या रहिवाशाने निजामाबादेत पंखा विकत घेतला व बिलावर ‘महाराष्ट्र’ लिहून घेतले, तर कराचा हिस्सा महाराष्ट्राकडे येईल. न लिहिल्यास तो तेलंगणाकडे राहील. ५०,००० रुपयांहून कमी किमतीच्या खरेदीतही ग्राहकाने मागणी केल्यास विक्रेत्याने बिलावर त्याचे नाव, पत्ता व राज्य नोंदवावयाचे असते. सीमेलगतच्या गावांनी ही सवय अवश्य लावून घ्यावी.

ग्रामपंचायतींवर आणखी एक कर्तव्य आहे. करपात्र पुरवठ्याच्या एखाद्या कराराची रक्कम, कर वगळून, अडीच लाख रुपयांहून अधिक असेल, तर पुरवठादाराला पैसे देताना शेकडा २ रक्कम कापून पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत शासनाकडे भरावयाची असते. पुरवठादार राज्यातला असल्यास ही कपात केंद्र व राज्य यांच्या नावे निम्मी-निम्मी, आणि माल परराज्यातून महाराष्ट्रात आला असल्यास एकात्मिक कराच्या नावे करावी लागते. म्हणून देयक मंजूर करण्यापूर्वी विक्रेत्याच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक, पुरवठ्याचे ठिकाण व कराचा प्रकार या तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. या तपासणीस दोन मिनिटे पुरतात, आणि आपल्या राज्याचा महसूल आपल्याच राज्याला मिळतो.