न्यायालयीन इंग्रजीतील लॅटिन पदे आणि त्यांची मराठी रूपे

जळगाव अथवा धुळे येथील दिवाणी न्यायालयात बांधाचा दावा चालविणाऱ्या शेतकऱ्यास लॅटिनचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि त्या बांधाचे भवितव्य पुष्कळदा एखाद्या लॅटिन पदसमूहाच्या मराठी रूपावर अवलंबून असते. १९९८ च्या शासकीय अधिसूचनेने जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. त्यामुळे हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही.

इंग्रजीने ही पदे विभक्तिप्रत्ययांसह, जशीच्या तशी उचलली. इंग्रजीत नामांचे विभक्तिप्रत्यय जवळजवळ लोपले असल्याने इंग्रज विद्यार्थ्यास ती घोकावीच लागतात. मराठी विद्यार्थ्याची स्थिती बरी आहे. 'प्रायमा फेशी' यातील दोन्ही पदे ज्या विभक्तीत आहेत, तिच्यात करण, अपादान व अधिकरण हे तिन्ही अर्थ एकवटलेले असतात. आपल्या 'प्रथमदर्शनी' या रूपातील सप्तमीचा 'ई' प्रत्यय त्यांपैकी अधिकरणाचा अर्थ अचूक पकडतो. 'एक्स पार्टी'साठी 'एकतर्फी' हा मुळात अरबी 'तरफ' पोटात घेतलेला शब्द तर इतका रुळला आहे की, तो भाषांतर आहे असे कोणास वाटतही नाही.

खरी अडचण 'स्टेटस् को' या पदाची आहे. त्याचा शब्दार्थ 'ज्या स्थितीत' एवढाच होतो. म्हणजे ते एक तुटलेले वाक्य आहे. राजनीतीतील जुने पूर्ण वाक्य 'युद्धापूर्वी गोष्टी ज्या स्थितीत होत्या, त्या स्थितीत' असे असून त्यातील क्रियापद भूतकाळी होते. मराठीत या पदासाठी 'जैसे थे' हा प्रयोग रूढ झाला. 'थे' हे रूप हिंदीचे. मराठीने 'होते' म्हटले असते. शुद्धिवाद्यांचा आक्षेप येथेच थांबतो, परंतु महत्त्वाची बाब काळाची आहे. न्यायालयाच्या 'जैसे थे' आदेशाचा अर्थ सामान्यतः 'आदेशाच्या दिवशी आहे तसे' असा असतो. शेजाऱ्याने बांध आदल्या आठवड्यात नांगरला असेल, तर 'थे' ऐकून शेतकरी समजतो की बांध पूर्ववत होणार. प्रत्यक्षात नांगरलेली स्थितीच गोठविली जाते. आदेशात तारीख स्पष्ट लिहिणे हाच यावर उपाय होय, शब्द बदलणे नव्हे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ मधील प्राधिलेखांची नावे निराळ्या पद्धतीने घडली आहेत. 'हेबिअस' हे द्वितीयपुरुषी रूप आपल्या विध्यर्थाशी जुळणारे : 'तू देह आपल्यासह आणावास', अशी ती बंदिपालास आज्ञा आहे. 'देहोपस्थिती' या मराठी संज्ञेत आज्ञा लोपली, देह मात्र राहिला. 'मँडॅमस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. त्यासाठी योजिलेला 'महादेश' मला पसंत नाही, कारण वाचक 'महा' आणि 'देश' असाच विग्रह करतो. हिंदीतील 'परमादेश' अधिक निःसंदिग्ध आहे. उलट 'सर्शिओराराय'साठी मराठीने 'प्राकर्षण' व हिंदीने 'उत्प्रेषण' घेतले, हे पाहण्यासारखे आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ 'खातरीपूर्वक कळविले जाणे'. दोन्ही भाषांनी तो सोडून कार्य पाहिले : हिंदीत खालचे न्यायालय कागदपत्रे वर पाठविते, मराठीत वरचे न्यायालय ती ओढून घेते.

'को वॉरंटो', म्हणजे 'कोणत्या अधिकाराने', याचे मराठी 'क्वाधिकार'. यातील संस्कृत 'क्व' म्हणजे 'कोठे'. अर्थ किंचित सरकला खरा, परंतु लॅटिन 'को' आणि संस्कृत 'क्व' ही एकाच मूळ भारत-युरोपीय प्रश्नार्थक धातुरूपाची अपत्ये आहेत.