चुकण्याची हक्काची खोली

नर्सिंग कॉलेजात एक खोली वॉर्डासारखी मांडलेली असते. लोखंडी पलंग, मॅकिंटॉश म्हणजे रबरी चादर, सलाईनचा स्टँड, ट्रॉलीवर किडनी ट्रे आणि पलंगावर पेशंटच्या जागी डमी. ही फाउंडेशन लॅब. तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा असो की चार वर्षांचं बीएस्सी, खऱ्या पेशंटला सुई लावण्याआधी हात इथे तयार व्हायला हवा. शिकाऊ हाताची पहिली चूक पेशंटच्या अंगावर होऊ नये, यासाठीच ही खोली असते.

डमीचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. 1911 साली अमेरिकेत हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलसाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाएवढी बाहुली तयार केली. पुढे तिच्या दंडावर इंजेक्शनची जागा आली, एनिमा आणि कॅथेटरच्या सरावासाठी पोटात पाणी साठवण्याची सोय झाली. ‘मिसेस चेस’ याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. 1960 मध्ये नॉर्वेच्या ओस्मुंड लेर्डाल यांनी सीपीआर शिकवणारी ‘अ‍ॅन’ आणली. तेही खेळणी बनवणारेच. आज तशाच डमीच्या छातीवर मुलं मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला शिकतात.

लॅबमध्ये सर्वांत जास्त झीज होते ती सरावाच्या रबरी हाताची. त्याच्या नळ्यांत लाल रंगाचं पाणी भरतात आणि त्यावर कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठीची सुईवरची नळी, लावायला शिकवतात. टूर्निकेट बांधायचं, बोटाने शीर चाचपायची, स्पिरिट लावून ते वाळू द्यायचं. सुईचं तिरकं तोंड वर ठेवून 15 ते 30 अंशांत आत जायचं. मागच्या कुपीत रक्त दिसलं की नवशिक्याला हुरूप येतो आणि तो सुई तशीच पुढे रेटतो. खऱ्या हातात तिथेच शीर फुटते आणि जागा सुजते. रक्त दिसताच कोन कमी करायचा, किंचित पुढे जायचं, मग सुई स्थिर धरून फक्त वरची प्लास्टिकची नळी आत सरकवायची. वाचून हे दोन मिनिटांत कळतं, पण बोटांना कळायला पुन्हा पुन्हा करावं लागतं. काढलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची, ही सवयही इथेच लागते.

चांगल्या ट्यूटर डमीशीही बोलायला लावतात. “आजी, हाताला सुई लावते आहे, थोडं टोचेल,” हे मोठ्याने म्हटल्याशिवाय ट्रेला हात लावू देत नाहीत. सुरुवातीला वर्ग हसतो, नंतर बोलणं अंगवळणी पडतं. पुढे वॉर्डात घाबरलेल्या म्हातारीसमोर हेच वाक्य उपयोगी येतं. वॉर्डातही ट्यूटरला शेजारी उभं राहावं लागतं. कारण डमी हात झटकत नाही, तिची शीर निसटत नाही, तिला मुलाची काळजी नसते. डमीकडून न मिळणारं हे शिक्षण पेशंटच देतो, म्हणून त्याच्यापर्यंत पोचणारा हात आधीच स्थिर झालेला हवा.

भारतीय परिचर्या परिषदेने 2021 च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात अशा सरावाला घड्याळी तास नेमून दिले. ते तास कागदावर भरून चालणार नाहीत. सराव झाल्याची लॉगबुकातली सही म्हणजे पेशंटला दिलेली हमी असते. खोटी सही पुढे एखाद्या तापलेल्या लेकराच्या हातावर चार टोचण्या होऊन उमटते.

प्रवेश घेताना पालक इमारत पाहतात, होस्टेल पाहतात, फी विचारतात. त्यांनी ही लॅबही उघडून दाखवायला सांगावी. रबरी हात सुयांनी चाळण झालेला असेल, तर मुलीला तिथे निर्धास्त घाला. तो कपाटात कोराकरकरीत पडलेला असेल, तर दुसरं कॉलेज बघा.